उघड्या पाठीची गाडी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, इंटरस्टेट ८० या महामार्गावर, वॉलकॉट नावाचं एक लहानसं गाव आहे. ट्रकवाल्यांच्या जगात मात्र त्याचा मान मोठा. १९६४ साली सुरू झालेला ‘आयोवा ८०’ हा ट्रकथांबा तिथे आहे आणि जगातला सर्वांत मोठा ट्रकथांबा अशी तो स्वतःची जाहिरात करतो. डिझेल आणि जेवण तर आहेच. शिवाय आंघोळीच्या खोल्या, न्हावी, दातांचा डॉक्टर, सिनेमा आणि जुन्या ट्रकांचं संग्रहालयही आहे. याच आवारात ट्रकच्या साजशृंगाराचं एक भलंमोठं दालन आहे. क्रोमचे बंपर, उंच धुराडी, रंगीत दिव्यांच्या माळा. लायसन्स नुकतंच खिशात पडलेला पोरगा तिथे शिरला की पहिल्या पगाराचं काय करायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

तो पोरगा फ्लॅटबेड चालवणार असेल, तर त्याने हात खिशात ठेवूनच तिथून बाहेर पडावं. त्याला लागणारं सामान दुसऱ्या रांगेत असतं आणि त्यात मिरवण्याजोगं काही नसतं. साखळ्या, पट्टे, रबरी ओढण्या, लाकडाचे ठोकळे, ताडपत्री, हातमोजे. यातलं काही मालासाठी, काही गाडीसाठी आणि काही स्वतःच्या अंगासाठी. मालाच्या सामानाबद्दल कायदा बोलतो, कंपनी बोलते, तपासनीस बोलतो. अंगाच्या सामानाबद्दल गिरण्यांच्या आणि गोदामांच्या फाटकापलीकडे फारसं कोणी बोलत नाही. नवा ड्रायव्हर काटकसर करतो ती नेमकी तिथेच.

फ्लॅटबेडला भिंती नाहीत, छप्पर नाही; आहे ती नुसती पाठ. ४८ किंवा ५३ फूट लांब, साडेआठ फूट रुंद, जमिनीपासून साधारण ५ फूट उंच. लोखंडी गर्डर, पोलादाच्या कॉईल, इमारती लाकूड, काँक्रीटचे पाइप, जिप्समचे बोर्ड, शेतीची यंत्रं. बंद पेटीच्या मागच्या दारातून जे शिरत नाही किंवा क्रेनने वरूनच ठेवावं लागतं, ते सगळं हिच्यावर चढतं. ट्रकवाल्यांच्या रेडिओवरच्या बोलीत तिला ‘स्केटबोर्ड’ म्हणतात. नाव खेळकर आहे, काम अजिबात नाही.

बंद पेटीच्या गाडीत माल पाठवणारा माल भरतो, दाराला सील ठोकतो आणि ड्रायव्हर निघतो. सील तोडून आत बघू नको असा हुकूम असेल, तर आतला माल तपासण्याच्या सक्तीतून कायदाही त्याला मोकळं करतो. फ्लॅटबेडवाल्याला अशी पळवाट नाही. क्रेनवाला माल डेकवर ठेवतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. तो माल शेकडो मैल जागचा हलणार नाही, ही जबाबदारी त्या क्षणापासून ड्रायव्हरची.

माल बांधायचा म्हणजे किती बांधायचा, याचं उत्तर अमेरिकेत आकड्यांत दिलेलं आहे. सप्टेंबर २००२ मध्ये संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मालबांधणीचे नवे नियम प्रसिद्ध केले आणि १ जानेवारी २००४ पासून ते पाळणं सक्तीचं झालं. नियम बनवताना विचार केला तो गाडीच्या हिसक्यांचा. करकचून ब्रेक लागला तर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने माल पुढे जाऊ पाहतो. मागच्या बाजूला आणि आडव्या वळणावर हा जोर ०.५ पट धरलेला आहे. २० टनांची कॉईल डेकवर असेल, तर जोरदार ब्रेकच्या क्षणी १६ टनांचा रेटा ड्रायव्हरच्या पाठीमागून केबिनकडे येतो. नव्या माणसाने साखळ्या मोजायला घेण्याआधी हा एक हिशेब मनात घोळवावा. बाकीचे आकडे मग आपोआप पटतात.

मूळ सूत्र सोपं आहे. सगळ्या बंधनांची मिळून भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. शिवाय लांबीचा वेगळा हिशेब: पुढून कशाचाही अटकाव नसेल, तर पहिल्या १० फुटांना दोन बंधनं आणि त्यापुढच्या दर १० फुटांना किंवा त्यातल्या तुकड्याला आणखी एक. समजा, ४० फूट लांबीचा २० टनांचा गर्डर आहे. वजनाने १० टनांची क्षमता लागते. तीन अष्टमांश इंची, ग्रेड ७० ची साखळी साधारण ३ टनांची मानली जाते. म्हणजे चार साखळ्या पुरल्या. लांबीच्या हिशेबाने मात्र पाच लागतात. दोन्हींपैकी जो आकडा मोठा, तोच खरा. अनुभवी ड्रायव्हर त्यावर आणखी एक टाकतो आणि त्याबद्दल कोणाला काही सांगत बसत नाही.

नियमावलीत मालाच्या काही जातींना स्वतंत्र कलमं आहेत: ओंडके, चिरीव लाकूड, धातूच्या कॉईल, कागदाची रिळं, काँक्रीटचे पाइप, मोटारी, चेपून सपाट केलेल्या भंगार मोटारीसुद्धा. यादीच्या शेवटी मोठ्या शिळाही आहेत. नैसर्गिक, वेड्यावाकड्या आकाराचा धोंडा गाडीवर कसा बसवावा, त्याचा चपटा भाग कुठल्या अंगाला असावा, साखळी कशी फिरवावी, हे सरकारने लिहून ठेवलंय. हसू येतं खरं, पण कधीतरी एखादा धोंडा रस्त्यावर घरंगळल्याखेरीज असलं कलम कोणाला सुचलं नसणार.

साखळी विकत घेताना नव्या माणसाची फसगत होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ग्रेड ७० ची साखळी सहसा पिवळसर सोनेरी झाक असलेली असते, पण झाक पाहून साखळी घ्यायची नसते. ठरावीक अंतरावरच्या कड्यांवर ७, ७० किंवा ७०० असा ठसा उमटवलेला असतो; तो बघायचा. ठसा नसेल तर तपासनीस ती सगळ्यात हलक्या दर्जाची, म्हणजे ग्रेड ३० ची धरतो आणि तीन टनांची समजून घेतलेली साखळी हिशेबात सव्वा टनाच्या आसपास येते. पट्ट्यांचंही तेच. चार इंच रुंदीच्या चांगल्या पट्ट्यावर जवळपास अडीच टनांची क्षमता छापलेली चिठ्ठी असते. ती चिठ्ठी फाटली किंवा पुसली गेली की त्याच पट्ट्याची किंमत कागदावर १.८ टन. म्हणून जुने ड्रायव्हर पट्टा गुंडाळताना चिठ्ठी आतल्या बाजूला घेतात.

साखळी ताणायला बाइंडर लागतो. याचे दोन प्रकार आहेत आणि निवड करताना नव्या माणसाने गर्वाला मुरड घालावी. एक दांड्याचा: साखळी अडकवायची, दांडा खाली दाबायचा, खटकन बसतो. झटपट आणि स्वस्त. पण दांड्यात कोंडलेला ताण सुटला, तर तो त्याच खटक्याने उलट येतो. त्यावर कोणी लांब पाइप चढवून जोर लावत असेल, तर त्याच्यापासून चार पावलं लांब उभं राहावं. दुसरा रॅचेटचा: वजनाला जड, किमतीला जास्त, पुढेमागे दांडा हलवत हळूहळू ताण चढवायचा आणि तसाच हळूहळू उतरवायचा. मनगटाला आणि दातांना हाच बरा. आणखी एक बाब विसरली जाते. साखळी, हुक, बाइंडर आणि गाडीवरची कडी या सगळ्यांत जो सगळ्यात कच्चा, त्याचीच क्षमता हिशेबात धरली जाते. भारी साखळीला हलका बाइंडर लावला, तर पैसे गेले आणि काहीच मिळालं नाही.

पट्टे सोपे वाटतात. डेकच्या कडेखाली विंच बसवलेली असते, वरून माल ओलांडून आलेला पट्टा तिच्यात घालायचा आणि लोखंडी पहारीने विंच फिरवायची. ही पहार म्हणजे तीनेक फुटांचा दांडा. तिचं टोक विंचच्या भोकातून निसटलं, तर हातातला सगळा जोर हनुवटीवर येतो. टोक झिजलेली पहार ठेवायची नाही आणि पहारीच्या रेषेत तोंड आणायचं नाही, हे शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. काही जण ते दुसऱ्यांदा स्वतःच्या अनुभवाने शिकतात.

पट्टा पॉलिएस्टरचा असतो. वाऱ्यावर तो एवढा फडफडतो की केबिनमध्ये गुणगुण ऐकू येते आणि कडा झिजत जातात. त्यावर उपाय म्हणजे बांधताना पट्ट्याला एक पीळ द्यायचा. फुकटचा उपाय, पण ऐकल्याशिवाय सुचत नाही. पट्ट्याला गाठ मारलेली चालत नाही. कापलेला पट्टा शिवून वापरलेला चालत नाही. चार इंची पट्ट्यावरचा काप पाऊण इंचाहून जास्त असेल, तर तो टाकूनच द्यायचा. आणि जिथे पट्टा मालाच्या धारेवर घासतो तिथे कोपरपट्टी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. ती प्लास्टिकची असेल, रबराची असेल, लोखंडाची असेल. पोलादी पत्र्याच्या धारेवर उघडा पट्टा ताणला, तर तो हातातल्या सुरीने कापावा इतक्या सफाईने कापला जातो. कोपरपट्ट्या दिसायला क्षुल्लक आणि वाटेत हरवायला सोप्या. त्या जरुरीपेक्षा दुप्पट ठेवाव्यात.

कॉईलचा विषय वेगळा आणि थोडा भीतीदायक. गुंडाळलेल्या पत्र्याच्या या रिळाच्या मध्ये आरपार भोक असतं, त्याला ‘डोळा’ म्हणतात. डोळा आकाशाकडे असेल तर कॉईल निदान घरंगळत नाही. डोळा गाडीच्या आडव्या बाजूंना असेल, तर ब्रेक लागताच कॉईल सरळ केबिनवर यायला मोकळी. ड्रायव्हर या रचनेला ‘सुसाइड’ म्हणतात. डोळा पुढे-मागे असेल, तर ती बाजूला, शेजारून जाणाऱ्या मोटारींवर घरंगळू शकते. तिला ‘शॉटगन’ म्हणतात. म्हणजे पहिल्यात मरायचं ते स्वतः, दुसऱ्यात दुसऱ्याला मारायचं. व्यवसायाचा विनोद असा काळा असतो.

कॉईलसाठी तिरक्या कडा तासलेले चार बाय चार इंचांचे लाकडी ठोकळे लागतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठका. डोळा आडवा असलेली कॉईल नुसते खिळे ठोकून बसवलेल्या पाचरांवर सोडायला अमेरिकेत बंदी आहे. डोळ्यातून साखळ्या तिरक्या नेऊन वरून पाहता फुलीचा आकार करायलाही बंदी. दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याला भक्कम वाटतात. म्हणूनच त्या नावानिशी नोंदवाव्या लागल्या असाव्यात. अलाबामा राज्यात पोलादाचे कारखाने बरेच. तिथे २००९ साली वेगळा कायदा झाला आणि कॉईल वाहणाऱ्या ड्रायव्हरला बांधणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवणं भाग पडलं; राज्याबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या मालापुरती ती सक्ती २०१३ साली संघराज्याने रद्द ठरवली. त्या कायद्यामुळे अनेक फ्लॅटबेड कंपन्या नव्या माणसाला सुरुवातीलाच या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला लावू लागल्या. कंपनी मागत असेल तर सामानाच्या यादीत ते प्रमाणपत्रही धरावं. खिशात मावतं.

डेक आणि माल यांच्यामध्ये घालायचे रबरी गालिचेही हल्ली बऱ्याच जणांच्या पेटीत दिसतात. घर्षण वाढलं की साखळीवरचा भार कमी होतो. पण गालिचा घालायच्या आधी डेक झाडावा लागतो. वाळू, बर्फ, तेल, लाकडाचा भुसा यांतलं काहीही खाली राहिलं, तर मालाला पळायला वाट मिळते. साधा केरसुणीवजा झाडू या धंद्यात सुरक्षेचं साधन आहे, आणि तो विकत घेताना मात्र कोणी दर्जा विचारत नाही.

ताडपत्रीबद्दल ज्यांनी ती स्वतः घातली आहे तेच खरं बोलू शकतात. लाकूड भरलेल्या गाडीवर घालायची विनाइलची एक ताडपत्री ४५ किलोच्या आसपास असते आणि तिच्या बाजू आठ फूट खाली लोंबतात. लोखंडावर घालायची त्यामानाने हलकी, कारण माल बुटका. ५ फुटांच्या डेकवर साडेआठ फूट माल चढला की उंची साडेतेरा फूट होते, आणि बऱ्याच राज्यांत कायद्याची उंची तेवढीच. त्या माथ्यावर चढून, पाऊस असो की हिमाचं वारं, ४५ किलोची घडी उलगडायची. थंडीत विनाइल पत्र्यासारखं कडक होतं. वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि वर उभ्या असलेल्या माणसाला बरोबर घेऊन खाली उतरतं. शहाणा ड्रायव्हर वाऱ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर, घडी पुढे ढकलत उलगडतो. उभा राहून झटकत नाही. मागची ताडपत्री आधी आणि पुढची नंतर, म्हणजे पुढचीचा काठ मागचीवर येतो आणि हवा खाली शिरत नाही. कोकणात कौलं घालताना जो क्रम असतो तोच, फक्त इथे पावसाच्या जागी ताशी शंभर किलोमीटरचा वारा. घडी घालण्यातही डोकं लागतं. दोन्ही कडा आत घेऊन मध्यावर दुमडली, तर पुढच्या वेळी ती मालाच्या मधोमध ठेवून दोन्हीकडे सोडता येते. कशीही गुंडाळली, तर पुढच्या मालावर अर्धा तास ती कुठून कुठे जाते हेच शोधण्यात जातो.

शक्य तिथे माल भरणारा फोर्कलिफ्टनेच ताडपत्री वर ठेवून देतो. मागायला लाजू नये. काही कारखान्यांत आता ड्रायव्हरला मालावर चढूच देत नाहीत. वेगळा मांडव असतो, अंगाला सुरक्षापट्टा अडकवून वर जायचं असतं. ज्याला हे सगळंच नको असतं तो सरकत्या कमानींवर ताडपत्री बसवलेली गाडी घेतो. तिला अठराव्या शतकातल्या पेन्सिल्व्हानियाच्या मालगाडीवरून ‘कॉनेस्टोगा’ म्हणतात. ती महाग असते आणि स्वतःच वजन खाते, त्यामुळे नव्या ड्रायव्हरच्या नशिबी ती क्वचितच येते.

ताडपत्री खाली ओढून धरायला दोन्ही टोकांना आकडे असलेल्या रबरी ओढण्या लागतात. एकेका गाडीवर डझनांनी. दहा इंचांपासून एकतीस इंचांपर्यंत लांबीच्या मिळतात. थंडीत नैसर्गिक रबर बरं टिकतं, उन्हात कृत्रिम. दोन्ही हवामानांतून जाणारा दोन्ही जवळ ठेवतो. या ओढण्यांचा खरा धोका मात्र तुटण्यात आहे. ताणलेली ओढणी तुटली किंवा निसटली की लोखंडी आकडा सरळ तोंडाकडे येतो. ओढणी आपल्याकडे न ओढता आपल्यापासून दूर ओढायची, तोंड बाजूला ठेवायचं आणि डोळ्यांवर चष्मा. पारदर्शक संरक्षक चष्मा काही फार महाग नसतो. गाडीत चष्मा असूनही तो डॅशबोर्डवरच असतो, ही खरी अडचण.

इथे खर्चाचा क्रम सांगितलाच पाहिजे. कंपनीचा नोकर असलेल्या ड्रायव्हरला साखळ्या, पट्टे, बाइंडर आणि ताडपत्र्या बहुधा कंपनी देते. स्वतःचा ट्रक असलेल्याला सगळंच घ्यावं लागतं. दोघांनाही स्वतःच्या पैशातून घ्यावं लागतं ते अंगावरचं, आणि तिथे सगळ्यात स्वस्त वस्तू उचलायची नाही. पोलादी टोकाचे बूट, घोटा धरणारे. त्यांच्याशिवाय कारखान्याचं फाटकही उघडत नाही. हेल्मेट आणि चमकतं जॅकेट. साखळीसाठी चामड्याचे हातमोजे, ओल्या ताडपत्रीसाठी रबरी तळव्याचे, थंडीसाठी आतून अस्तर असलेले. म्हणजे एकाच वेळी तीन जोड, आणि प्रत्येकाचा एक सुका जोड केबिनमध्ये. गुडघ्यांच्या गाद्या, ज्यांची तरुण ड्रायव्हर टिंगल करतात आणि चाळिशीतला ड्रायव्हर करत नाही. पावसाचा दोन तुकड्यांतला सूट. आणि एक शिडी.

शिडीवर अडून राहावं असा हा मुद्दा आहे. ५ फुटांच्या डेकवरून उडी मारून उतरणं हे तरुणपणी सेकंदाचं काम आहे. दिवसातून वीसदा मारलेली ती उडी गुडघ्यांत आणि कमरेत साठत जाते; एखाद्या दिवशी खाली लाकडाचा ठोकळा पडलेला असतो आणि मग महिना घरी. हलकी, हुकाने डेकच्या कडेला अडकणारी शिडी बाळगणारे ड्रायव्हर कमी दिसतात. बऱ्याच कंपन्या ताडपत्रीचे पैसे वेगळे देतात, पण शिडी लावण्याच्या दोन मिनिटांचे देत नाहीत.

बारीकसारीक सामानात डोक्याला बांधायचा दिवा आधी घ्यावा, कारण अंधारात हातात बॅटरी धरून साखळी ताणता येत नाही. मोजपट्टी उंची तपासायला. हातोडा साखळीचा मुरगळा सोडवायला. माल मागे ४ फुटांहून जास्त बाहेर आला, तर १८ इंचांचे लाल किंवा नारिंगी चौकोनी झेंडे. मालाची रुंदी २ फुटांहून जास्त असेल तर दोन. पेटीला कुलूप, कारण रात्रीच्या मुक्कामात साखळ्या पाय फुटून चालत्या होतात. आणि सरकारनेच काढलेली ड्रायव्हरसाठीची बांधणीची पुस्तिका. वजनकाट्यावर तपासनीसाशी वाद घालताना तिचं एक पान मोठ्या आवाजापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

वजनकाट्याचंही सांगायला हवं. एकूण गाडी ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या आसपास असावी लागते, पण नुसतं एकूण वजन बरोबर असून भागत नाही. प्रत्येक ॲक्सल-जोडीची वेगळी मर्यादा आहे. फ्लॅटबेडवर कॉईल दोन फूट पुढे किंवा मागे ठेवली की वजन एका ॲक्सलवरून दुसऱ्या ॲक्सलवर जातं. म्हणून ट्रकथांब्यांवरचे काटे. त्यांतली सर्वांत मोठी साखळी, कॅट स्केल, १९७७ साली सुरू केली ती बिल मून यांनी; वॉलकॉटचा तो ट्रकथांबा पुढे वाढवणारे हेच. काट्याची पावती बरोबर निघाली आणि तरी दंड झाला, तर कंपनी तो भरते किंवा न्यायालयात उभी राहते, अशी त्यांची हमी आहे.

हे सगळं सामान असूनही एक वस्तू दुकानात मिळत नाही, ती म्हणजे वेळ. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत बंधनं पुन्हा तपासायची. मग दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, किंवा ड्रायव्हरच्या कामाची नोंद बदलेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा. कारण माल बसतो. लाकूड दबतं, पट्टा सैल पडतो, साखळी दोन कड्यांत जागा शोधते. पहिल्या ५० मैलांनंतरची तपासणी टाळणारा ड्रायव्हर बहुतेकदा आळशी नसतो. तो घड्याळाला भ्यालेला असतो. १८ डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत बहुसंख्य लांबपल्ल्याच्या ट्रकांत कामाचे तास नोंदणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. दिवसाची कामाची खिडकी १४ तासांची, त्यात गाडी हाकायचे ११. कारखान्यात रांगेत गेलेले तीन तास आणि ताडपत्रीचा दीड तास याच चौदांतून कापले जातात. मजुरी मात्र बहुधा मैलांवर. म्हणून भिजलेली ताडपत्री घाईने घातली जाते, आणि ५० मैलांवरची थांबण्याची जागा ६० वर ढकलली जाते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. मुंबईच्या मशीद बंदर, कर्नाक बंदर भागातला लोखंडाचा व्यापार शहराबाहेर हलवण्यासाठी सिडकोने कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजार वसवला. तिथल्या रस्त्यांवर उघड्या पाठीचे ट्रेलर रोज उभे असतात: वर कॉईल, सळ्यांचे भारे, जाड प्लेटा. लाकडी गुटके, साखळ्या, दोर, ताडपत्री, हायड्रॉलिक जॅक, टॉमी, चाकाखाली लावायचा दगड. नावं वेगळी, गरज तीच. फरक आहे तो माणसांत. इथे माल चढवणं-उतरवणं माथाडी कामगारांचं काम. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीची आणि मंडळांची घडी बसली, लोखंड बाजारालाही त्या घडीत जागा मिळाली. त्यामुळे अमेरिकेत एकटा ड्रायव्हर जे डोक्यावर घेतो, ते इथे अनेक हातांत वाटलेलं असतं. पण गाडी फाटकाबाहेर पडली की बोरघाटाच्या उतारावर ब्रेकवर पाय असतो तो एकाच माणसाचा. कॉईल घसरून खाली पडल्याच्या आणि केबिन चिरडल्याच्या बातम्या मुंबई-पुणे रस्त्यावरून अधूनमधून येतच असतात. २० टनांना ०.८ ने गुणलेला तो हिशेब खंडाळ्यातही तेवढाच येतो.

नियम भारतातही आहेत. गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत सळ्या बाहेर काढायची मुभा २०१४ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतून काढून टाकण्यात आली. सळ्यांच्या टोकाला लाल फडकं बांधून निघण्याची सवय मात्र अजून अनेक रस्त्यांवर दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे माल गाडीबाहेर डोकावला तर २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. दंड मालकाने भरला, तरी वाटेत अडवली जाते ती ड्रायव्हरची गाडी, आणि मालकाला फोन लावायचाही त्यालाच.

इथल्या ट्रेलरवाल्याने काय घ्यावं, तर आधी कोपरपट्ट्या आणि रॅचेट. सळईच्या धारेवर दोर ताणून बांधण्याची पद्धत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाची आहे. मग गुटक्यांचा एक तासलेला, स्वतःचा संच. प्रत्येक बाजारात मिळेल ते लाकूड खाली सरकवण्यापेक्षा आपल्या मापाचे चार ठोकळे बरोबर असलेले बरे; ओलं आंब्याचं लाकूड कॉईलच्या वजनाखाली चेपतं, सागाचा किंवा बाभळीचा जुना तुकडा तसा चेपत नाही. मग डोक्याचा दिवा, कारण घाटात बंधन तपासायला गाडी थांबते ती बहुधा रात्री. आणि पायात चपलेऐवजी बूट. उन्हाळ्यात बूट नकोसे होतात हे खरं, पण डेकवरून निसटलेला गुटका ऋतू बघून पडत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बसवणं भारतात सक्तीचं झालं आहे. मे महिन्यात कळंबोलीच्या उघड्या आवारात तापलेल्या साखळीला हात लावायचा तर चामड्याचे हातमोजे लागतात. ते त्या नियमात नाहीत. पनवेलच्या बाजारातून ड्रायव्हरने स्वतःच घ्यायचे आहेत, आणि घेताना दोन जोड घ्यावेत.